पार्श्वभूमी : भरता येणारी कॉइल, बदलावा लागणारा बोर्ड

लातूर-जालन्याकडच्या माणसाला 'मोटार जळाली' म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. व्होल्टेज पडलं, वायंडिंग गेलं, मोटार विहिरीतून वर काढली, भरून आणली, परत सोडली. पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या पटावर लोखंडी गोळी उडवून गुण मिळवायचा खेळ. त्याच्या मशिनमध्ये गोळीला टोला देणारी कॉइल त्याच जातीची. त्यामुळे या मशिनांचे पार्ट खरंच मिळतात का, यावरून उत्पादक आणि मेकॅनिक यांच्यात चाललेला सध्याचा वाद आपल्या वायंडिंगवाल्याला गेम झोनच्या मॅनेजरपेक्षा आधी कळेल.

जुना इतिहास थोडक्यात. जत्रेतल्या खिळ्यांच्या बोर्डावर गोळी उडवणारा स्प्रिंगचा दट्ट्या असतो, त्याचं पेटंट अमेरिकेत 1871 चं. फ्लिपर, म्हणजे बटण दाबलं की गोळी परत वर मारणारे हात, आले 1947 मध्ये. 1977 च्या आसपासपर्यंत सगळा कारभार रिले (विजेने चालणारे स्विच) आणि संपर्कपट्ट्यांवर होता. पट्टी घासली, वाकवून नीट केली की मशिन चालू.

खरी गोष्ट नव्वदच्या दशकातली. शिकागोच्या एका मोठ्या कारखान्याने 1990 पासून जी बोर्डांची पद्धत वापरली, तिच्यात दुरुस्ती करणाऱ्यासाठी जवळजवळ सगळं उघड होतं. मॅन्युअलसोबत सर्किटचे नकाशे छापून यायचे. कॉइल ओढणारा ट्रान्झिस्टर टिप-102, म्हणजे साध्या सोल्डरिंग गनने निघणारा. कॉइलच्या नंबरातच तिची कुंडली असायची : 23-800 म्हणजे 23 गेजची तार, 800 वेढे. आपल्याकडे भरायला दिली तरी चालेल, फक्त एक गफलत टाळायची. तो गेज अमेरिकन आहे, तार साधारण 0.57 मिलिमीटरची. आपल्या दुकानातली 23 नंबर 0.61 ची भरते. जवळची म्हणाल तर 24 नंबर.

त्या मशिनांनाही रोग होतेच. बोर्डावरचे सेल गळून तांब्याच्या रेघा खायचे. 128 बाय 32 ठिपक्यांचा गॅसचा डिस्प्ले म्हातारा व्हायचा आणि नंतर तो बनायचाच बंद झाला. त्या जागी एलईडीचा बसू लागला. कारखान्याचा पिनबॉल विभाग 1999 च्या ऑक्टोबरात बंद पडला, तरी पार्ट बनवायचे हक्क दुसऱ्यांकडे गेले आणि माल येत राहिला. कारण साधं होतं, मशिनं खूप होती. 1992 च्या एकाच मॉडेलचे 20,000 हून जास्त नग गेले होते. आज 500 किंवा 1,000 नगांची 'मर्यादित आवृत्ती' काढतात. तिच्या पटावर बसवलेलं खास खेळणं तुटलं तर दुसरा कोण साचा पाडणार? वर चित्रपटाचं लायसन्स असेल, तर साधी प्लास्टिकची पट्टी छापायलाही परवानगी लागते.

सगळ्यात मोठा वाद 2015 च्या सुमारास उरलेल्या मोठ्या उत्पादकाने घेतलेल्या निर्णयावरून आहे. सगळ्या तारा वरच्या पेटीत नेण्याऐवजी खेळपटाच्या खालीच छोटे 'नोड बोर्ड' लावले आणि ते नेटवर्कसारख्या केबलने जोडले. याने वायरिंग कमी झालं, जोडणी सोपी झाली, बिघाड कुठे आहे ते मशिन स्वतः सांगू लागलं. हे मान्य करायला हवं. पण बोर्डावरचे भाग सरफेस माउंटचे, म्हणजे बोर्डाच्या वरच सोल्डर केलेले, मोहरीच्या दाण्याएवढे. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या पोराकडे हॉट एअर, म्हणजे गरम हवेने सोल्डर सोडवणारं यंत्र असतं, तो मॉसफेट (कॉइल चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) बदलेलही. मात्र कंट्रोलर चिप गेली, तर बाजारातली कोरी चिप बसवून काम होत नाही, आत प्रोग्राम लागतो.

इथेच 'पार्ट मिळतो' या शब्दांचा घोळ आहे. उत्पादकाच्या लेखी पार्ट म्हणजे अख्खा बोर्ड, आणि तो स्टॉकमध्ये आहे. मेकॅनिकच्या लेखी पार्ट म्हणजे त्यावरचा एक ट्रान्झिस्टर. दोघंही खरं बोलतात. फरक पडतो तो बीड किंवा नांदेडला बसून बोर्ड परदेशातून मागवताना, कुरियर आणि कस्टमचा आकडा बघताना. आणि स्टॉक उत्पादक जिवंत असेपर्यंतच. 2018 मध्ये वेल्समधली एक कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या मशिनांचे मालक सुट्या भागांसाठी एकमेकांचे दरवाजे ठोठावत राहिले. याउलट दुसऱ्या एका नव्या अमेरिकन उत्पादकाने मशिनच्या पोटात सरळ बाजारू कॉम्प्युटरचा मदरबोर्ड घातला. दहा वर्षांनी तोच मदरबोर्ड मिळणार नाही, हा आक्षेप त्यावरही आहेच.

कायदा अजून या खेळापर्यंत पोचलेला नाही. कॅलिफोर्नियात जुलै 2024 पासून 100 डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे पार्ट 7 वर्षं द्यायचं बंधन आहे, पण व्हिडिओ गेम कन्सोल त्यातून वगळले. आपल्याकडे केंद्राने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केलं. त्यात चार क्षेत्रं धरली : शेती अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. मराठवाड्यातल्या ट्रॅक्टरवाल्याला त्यात जागा आहे. गेम झोनवाल्याला नाही.