पाळीव जनावरांचे हृदय : प्रतिकृती-संचासोबतचे माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आपण घेतलेल्या संचात घोडा, गाय, डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी यांच्या हृदयाच्या पाच प्रतिकृती आहेत. एकच साचा लहान-मोठा करून पाचही ओतता आल्या असत्या, पण ती शिकणाऱ्याची फसवणूक ठरली असती. दोन अलिंदे (वरचे कप्पे) आणि दोन निलय (खालचे कप्पे) ही मांडणी सगळीकडे सारखी असली, तरी आकार, झडपा आणि रक्तवाहिन्यांच्या वाटा जनावरागणिक बदलतात.

आधी प्रतिकृती हातात कशी धरायची ते पाहू, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात. माणसाच्या हृदयाची चित्रे पाहून आलेला विद्यार्थी डावी-उजवी बाजू त्याच सवयीने शोधतो. चार पायांवर उभ्या असलेल्या जनावराची छाती दोन्ही बाजूंनी चपटी असते; त्यामुळे त्याच्या हृदयाचा ‘उजवा’ भाग बराचसा पुढे, डोक्याच्या दिशेला असतो आणि ‘डावा’ भाग मागे, श्वासपटलाच्या दिशेला. टोक खाली उरोस्थीकडे ठेवून प्रतिकृती फिरवा. दोन्ही अलिंदांची कानाच्या पाळीसारखी टोके आणि त्यांच्या मधून वर चढणारी फुप्फुस धमनी एकत्र दिसली, की ती डावी बाजू समजावी. खरे हृदय हाताळायला मिळाले, तर अंगठ्याने दाबून पाहावे : उजव्या निलयाची भिंत दबते, डाव्याची मात्र तिच्या सुमारे तिप्पट जाड असल्यामुळे टणक लागते. हृदयाचे टोकही डाव्या निलयाचेच असते.

उजव्या निलयाची खिडकी उघडल्यावर मधल्या पडद्यापासून बाहेरच्या भिंतीपर्यंत आडवी गेलेली एक पट्टी दिसेल. ती आधारासाठी आहे असे पाहताक्षणी वाटते, पण आकुंचनाचा संदेश बाहेरच्या भिंतीपर्यंत जवळच्या वाटेने पोहोचवणारे तंतू तिच्यातून जातात. हे तंतू 1839 मध्ये पुर्किंये या शास्त्रज्ञाने मेंढीच्या हृदयात पाहिले आणि ते आजही त्याच्याच नावाने ओळखले जातात.

गाईची प्रतिकृती आम्ही सर्वांत जास्त वेळ देऊन घडवली आहे. तिच्या पृष्ठभागावर नेहमीच्या दोन उभ्या खाचांखेरीज मागच्या कडेला तिसरी खाच आहे. महाधमनीच्या मुळाशी असलेल्या तंतुमय कड्यात दोन हाडे आहेत, त्यांतले उजवे मोठे आणि डावे लहान. हृदयात हाड असते यावर प्रथम कोणाचाच विश्वास बसत नाही, म्हणून उजवे हाड आम्ही सुटे ठेवले आहे. घोड्यात त्या जागी कूर्चा असते आणि वय वाढले की तीही अंशतः हाडासारखी कठीण होऊ शकते.

गाईच्या हृदयाचे शेजारही समजून घ्यावेत. श्वासपटलाच्या अलीकडे हृदय आणि लगेच पलीकडे पोटाचा जाळीदार कप्पा, एवढी ती जवळीक आहे. गाय चारा निवडून खात नाही. त्यातून पोटात गेलेला खिळा किंवा तारेचा तुकडा याच कप्प्यात अडकतो आणि कप्पा आकुंचन पावताना पुढे रेटला जाऊन श्वासपटल भेदतो व हृदयावरणात शिरतो. मग आवरणात पू साठतो, ठोके दबके ऐकू येतात, मानेची शीर फुगते आणि छातीखाली सूज उतरते. गोठ्याभोवती पडलेली तार वेळीच उचलणे किती मोलाचे आहे, हे या शेजारावरून कळते.

हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्यातही फरक आहेत. उजव्या बाजूच्या उभ्या खाचेतली शाखा गाय आणि कुत्रा यांच्यात डाव्या धमनीची असते, तर घोडा आणि डुक्कर यांच्यात उजव्या धमनीची. लाल रंगाची वाट बोटाने मागे मागे नेत मुळापर्यंत गेल्यास हे लक्षात येईल. कुत्र्याचे हृदय अंडाकृती आणि टोकाशी बोथट असते, गाईचे निमुळते.

कोंबडीच्या प्रतिकृतीसोबत भिंग दिले आहे. तिच्या उजव्या अलिंद आणि निलय यांच्यामध्ये इतरांसारखी दोऱ्यांनी ताणलेली झडप नसून स्नायूचा एकच जाड पडदा आहे. महाधमनीही सस्तन प्राण्यांप्रमाणे डावीकडे न वळता उजवीकडे वळते. वर्गात ही प्रतिकृती शेवटी दाखवावी, असे आम्ही सुचवतो. आधीच्या चार नीट पाहून झाल्या असल्या, तर हे वेगळेपण विद्यार्थी स्वतःच ओळखतात.

गाईच्या हृदयातील सुटे हाड पाहून झाल्यावर त्याच्या खोबणीत, रुंद बाजू वर ठेवून बसवावे. ते हरवल्यास आम्हाला कळवावे. त्याच मापाचे दुसरे घडवून देऊ.