ड्रॅग मोटारींच्या लघुप्रतिकृतींचे हस्तनिर्मित भाग (मुंबई)

ड्रॅग शर्यतीच्या (सरळ पट्टीवरच्या थोड्या अंतराच्या शर्यतीच्या) मोटारींच्या लघुप्रतिकृतींना लागणारे बारीक भाग तयार किटमधून न घेता कच्च्या मालातून हाताने घडवण्याचा छंद. छांदिष्टांच्या बोलण्यात याला स्क्रॅच-बिल्डिंग किंवा नुसते ‘स्क्रॅच’ म्हणतात. अख्खी गाडी अशी घडवणारे थोडेच. बहुतेक जण बॉडी, चाके आणि इंजिनाचा ठोकळा किटमधला घेतात आणि मॅग्नेटो (प्लगला ठिणगीची वीज पुरवणारे यंत्र), इंधननळ्या, सीट, पट्टे, रोल केज (चालकाभोवतीचा नळ्यांचा संरक्षक पिंजरा), व्हीली बार (गाडी मागे उलटू नये म्हणून मागे लावलेले दांडे), पॅराशूटची पिशवी एवढे स्वतः करतात. १:१६ प्रमाणातही ड्रॅगस्टरची (ड्रॅग शर्यतीसाठीच बांधलेल्या लांब, उघड्या गाडीची) किटे निघाली आहेत. प्रस्तुत नोंद मात्र १:२४ व १:२५ या प्रमाणांपुरती आहे.

साध्या प्रवासी मोटारीच्या प्रतिकृतीत बॉनेट बंद केले की आतले काम झाकले जाते. ड्रॅगस्टरला बॉनेटच नसते. इंजिन, त्यावरचा सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप), वर उघडी हवेची तोंडे आणि सांगाड्याच्या नळ्या सगळे समोर दिसते. म्हणून किटमध्ये साच्यातच उमटवलेल्या जाड तारा आणि भरीव नळ्या या प्रकारात फार खुपतात.

प्रमाणाचा प्रश्न : १:२४ हे प्रमाण इंच-फूट पद्धतीतून आले, अर्धा इंच म्हणजे एक फूट. १:२५ कोठून आले याबद्दल एकमत नाही. एका मतानुसार अमेरिकी मोटार कंपन्या विक्रेत्यांकडे नव्या गाड्यांचे छोटे नमुने पाठवत, ते या प्रमाणात असत आणि पुढे किटेही त्याच वळणाने निघाली. एएमटी (स्थापना १९४८, मिशिगन) ही कंपनी अशा नमुन्यांपासूनच सुरू झाली आणि १९५८ पासून तिने एकाच डब्यातून मूळ, सजवलेली किंवा शर्यतीची अशी तीनपैकी कोणतीही गाडी बनवता येईल अशी किटे आणली. दुसरे मत सोयीचे आहे: १:२५ मध्ये एक मीटर म्हणजे बरोबर ४० मिमी., त्यामुळे आराखडा काढणाऱ्याला दशमान हिशेब सोपा जातो. पहिल्या मताला निदान उत्पादनाच्या इतिहासाचा आधार आहे, पण मुळात नमुनेच १:२५ का, याचे उत्तर त्यात मिळत नाही. दुसरे मत मागाहून सुचलेले वाटते. इंच-फुटांत काम करणाऱ्या अमेरिकी कारखान्याला मिलिमीटरचा लोभ कशाला असेल? एएमटीचा कल १:२५ कडे, मोनोग्राम आणि जपानच्या तामियाचा १:२४ कडे राहिला. रेव्हेलने दोन्ही हाताळली.

हा वाद कोरडा वाटला तरी कामात तो आडवा येतो. दोन प्रमाणांत सुमारे ४ टक्क्यांचा फरक पडतो. टॉप फ्युएल (ड्रॅगस्टरचा सर्वांत वेगवान वर्ग) गाडीचे मागचे टायर ३६ इंच व्यासाचे असते. ते १:२४ मध्ये ३८.१ मिमी., तर १:२५ मध्ये ३६.६ मिमी. भरते. दीड मिलिमीटर डोळ्याला लगेच कळतो. स्पार्क प्लगच्या तारेत मात्र हा फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे नसल्यासारखाच. त्यामुळे चाके, सीट आणि इंजिनाचा ठोकळा दुसऱ्या प्रमाणातून उसना घेऊ नये. तारा, नळ्या आणि बोल्ट खुशाल घ्यावेत. टॉप फ्युएलचा पुढच्या व मागच्या चाकांमधला पल्ला जास्तीत जास्त ३०० इंच असतो, १:२५ मध्ये तो नेमका १२ इंच होतो. शाळेची फूटपट्टी सांगाड्याखाली ठेवून काम करता येते, हा निव्वळ योगायोग. पाव मैलाची (४०२ मी.) धावपट्टी याच प्रमाणात साधारण १६ मी. होईल, लोकलच्या एका डब्यातही ती मावेल.

काळ व वर्ग : कोणता भाग घडवायचा हे गाडीच्या सालावर ठरते. अमेरिकेत या शर्यतींचे नियमन करणारी एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१ मध्ये स्थापन केली. मार्च १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील लायन्स पट्टीवर चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटून त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. १९७१ मध्ये त्यांनी चालकामागे इंजिन असलेली गाडी यशस्वी करून दाखवली आणि काही वर्षांत जुनी मांडणी मागे पडली. प्रतिकृतीत चालकापुढे इंजिन दाखवून त्यावर नंतरच्या काळातला मोठा पंख बसवला, की जाणकार तेथेच गाडी खाली ठेवतात.

‘फनी कार’ (रस्त्यावरच्या गाडीसारखी बॉडी असलेली ड्रॅग मोटार) या वर्गाचा आरंभ कोठे धरावा यावर तीन मते आहेत. काही जण १९६४ मधील जॅक क्रिसमन यांच्या सुपरचार्जर बसवलेल्या मर्क्युरी कॉमेटपासून तो धरतात. काही जण १९६५ च्या क्रायस्लर गाड्यांपासून धरतात. त्यांत वजन मागच्या चाकांवर पडावे म्हणून मागचा आस सुमारे १५ इंच आणि पुढचा सुमारे १० इंच पुढे सरकवला होता. तिसरे मत १९६६ च्या कॉमेटचे: लॉगी बंधूंनी बांधलेला नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर समोरून वर उचलली जाणारी फायबरग्लासची एकसंध बॉडी. नंतरच्या सगळ्या फनी कारची रचना या तिसऱ्या गाडीवरून आलेली असल्याने घडवणाऱ्याच्या दृष्टीने आरंभ तेथे मानणे सोयीचे. पण हात बसवायला १९६५ ची गाडी चांगली. साध्या किटचा तळ करवतीने कापून मागची चाकघरे १५ मिमी. आणि पुढची १० मिमी. पुढे घ्यायची, उरलेल्या फटीत स्टायरीनची (किटच्याच प्लास्टिकची) पट्टी बसवायची. सारे काम सरळ रेषांचे असते.

तारांची जाडी : नवशिक्या आणि मुरलेला हात सर्वांत आधी येथे ओळखू येतो. जुन्या गाड्यांवर प्लगची तार साधारण ७ मिमी., अलीकडच्या शर्यतीच्या गाड्यांवर ८ मिमी. जाडीची असते. १:२५ मध्ये हे आकडे ०.२८ आणि ०.३२ मिमी. होतात. मोटर वाइंडिंगची इनॅमल चढवलेली तांब्याची तार भारतात एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजने विकली जाते. त्यातले ३२ गेज ०.२७ मिमी. आणि ३० गेज ०.३१ मिमी., म्हणजे दोन्ही कामे भागतात. परदेशी मार्गदर्शनात दिलेले गेज मात्र बहुधा अमेरिकी एडब्ल्यूजी असते. तेथे ३० गेज ०.२५ मिमी. भरते. गेजचा आकडा तेवढा वाचून तार आणली की गाडीवर ती केसासारखी दिसते. उलट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली रंगीत रॅपिंग वायर आवरणासकट सुमारे अर्धा मिमी. असते. रंग आयता मिळतो म्हणून ती सर्रास वापरतात, पण प्रत्यक्षात ती १२ मिमी. जाडीची तार होते आणि इंजिनावर दोरखंड पडल्यासारखा भास होतो. तांब्याची तार आधी दोन्ही टोकांना धरून किंचित ताणून सरळ करावी, मग रंगवावी. वाकवल्यावर रंगवली तर ब्रशचे ओघळ कोपऱ्यात साठतात.

तारांची संख्या आणि क्रमही तपासला जातो. टॉप फ्युएलच्या अलीकडच्या इंजिनांत दर सिलिंडरला दोन प्लग आणि पुढे दोन मॅग्नेटो, म्हणजे सोळा तारा. साठच्या दशकातल्या हेमी (अर्धगोल ज्वलनकक्षाच्या) इंजिनावर आठ. क्रायस्लरच्या ४२६ हेमीचा प्रज्वलनक्रम (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम) १-८-४-३-६-५-७-२ असा आहे आणि तिचे प्लग रॉकर कव्हरच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) मध्यातून आत जातात, बाजूने नव्हे. क्रायस्लर आणि जनरल मोटर्समध्ये विषम क्रमांकाचे सिलिंडर डावीकडे असतात. फोर्डमध्ये १ ते ४ उजवीकडे आणि ५ ते ८ डावीकडे. तारा जेथून निघतात त्या टोपीला ०.४ मिमी. ची भोके पाडून तारा या क्रमाने ओवल्या की त्यांची एकमेकींवरून जाण्याची वळणे आपोआप खरी येतात. क्रम न पाळता नुसत्या रचलेल्या तारा फार व्यवस्थित दिसतात आणि तेथेच चूक पकडली जाते.

नळ्या व पत्रा : रोल केजच्या नळ्या बहुधा १ ५/८ इंच व्यासाच्या, १:२५ मध्ये १.६५ मिमी. १/१६ इंचाची स्टायरीन काडी (१.५९ मिमी.) जवळपास बसते. सव्वा इंचाच्या नळीला १८ गेजची इंजेक्शनची सुई चपखल: तिचा बाह्य व्यास १.२७ मिमी., आणि सव्वा इंच भागिले २५ तेवढेच. सुई अर्थात नवी, न वापरलेलीच घ्यावी. सुईचे पोलाद वाकवले की चेमटते, म्हणून ती व्हीली बारसारख्या सरळ दांड्यांना योग्य. वळणे भरीव पितळी तारेने करून सोल्डरने जोडावीत. २१ गेजच्या सुईचे टोक घासून सपाट करून कडेला धार दिली, की फॉइलमधून अर्ध्या मिमी. ची टिकली निघते; बॉडीचे पत्रे धरणाऱ्या गोल खिट्ट्यांचे, म्हणजे डझस फासनरचे, ते नेमके माप.

चालकाभोवतीचा अॅल्युमिनियमचा पत्रा मूळ गाडीत सुमारे १ मिमी. जाड असतो. प्रतिकृतीत तो ०.०४ मिमी. हवा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिमी. म्हणजे अडीचपट जाड. स्वयंपाकघरातले फॉइल फार पातळ, बोट लागले की सुरकुततो. औषधाच्या गोळ्यांच्या पाकिटामागचा पत्रा २० ते २५ मायक्रॉनचा असतो. तो दुहेरी चिकटवला की जाडी बरोबर येते, फक्त वरची छपाई थिनरने पुसावी लागते. सीटचे पट्टे ३ इंची, म्हणून ३ मिमी. ची सॅटिन रिबन चालते. तिचे टोक मेणबत्तीजवळ नेऊन आधी बंद करावे.

मुंबईतील साहित्य : या छंदाची स्वतःची बाजारपेठ शहरात नाही. जे मिळते ते दुसऱ्याच धंद्यासाठी ठेवलेले असते आणि मुंबईच्या कामाला वेगळे वळण मिळाले ते यामुळेच. वाइंडिंगची तार लोहार चाळीत. बारीक ड्रिल, फेरिक क्लोराइड आणि सोल्डर लॅमिंग्टन रोडला. बारीक कानशी, चिमटे आणि करवतीची पाती झवेरी बाजाराच्या आसपास सोनारकामाचे सामान विकणाऱ्यांकडे. व्हर्निअर आणि हत्यारे नागदेवीत. रिबन, मणी, टिकल्या भुलेश्वरला. दुकानदार तार वजनावर देतो, आणि त्याला दोन मीटर तार मागणे म्हणजे त्याचा वेळ खाणे. तेव्हा रीळ घ्यावे आणि मित्रांत वाटून टाकावे. सर्किट बोर्डासाठी आणलेल्या त्याच फेरिक क्लोराइडने ०.१ मिमी. पितळी पत्रा कोरून ब्रेक डिस्क आणि जाळ्या काढता येतात.

स्टायरीनच्या मोजून कापलेल्या पट्ट्या परदेशी कंपन्यांच्या येतात आणि महाग पडतात. त्याऐवजी साइनबोर्डवाल्यांकडचे हाय इम्पॅक्ट स्टायरीनचे पत्रे वापरतात. जुनी बँक कार्डे ०.७६ मिमी. या ठरलेल्या जाडीची असल्याने मोह होतो, पण ती पीव्हीसीची. किटच्या सिमेंटने स्टायरीनला एकजीव होत नाहीत, सुपरग्लू लागतो. अॅक्रिलिक जोडण्यासाठी साइनबोर्डवाले क्लोरोफॉर्म वापरतात. ते स्टायरीनही विरघळवते, मात्र बंद खोलीत त्याचा वापर करू नये आणि पंखा लावला म्हणजे भागले असेही समजू नये.

ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध १ एप्रिल २००१ पर्यंत उठले आणि किटे उघडपणे येऊ लागली. त्याआधी ती प्रामुख्याने परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येत. सीमाशुल्काच्या वर्गीकरणात लघुप्रतिकृती खेळण्यांबरोबर शीर्षक ९५०३ मध्ये मोडतात. या शीर्षकावरचे मूळ शुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, तर २०२३ मध्ये ७० टक्के झाले. देशी खेळण्यांना संरक्षण देण्याचा हेतू समजण्यासारखा आहे, पण फनी कारचे किट बनवणारा देशी कारखाना संरक्षणासाठी समोर असायला हवा होता. एक किट फोडून त्याच्या भागांचे साचे घेण्याकडे आणि उरलेले हाताने करण्याकडे कल वाढला तो यामुळे. प्रत्यक्ष ड्रॅग शर्यतींशी शहराचा संबंध बेताचाच. लोणावळ्याजवळच्या अॅम्बी व्हॅलीच्या विमानपट्टीवर अशा शर्यती झाल्या, पण तेथे धावल्या त्या रस्त्यावरच्या सुधारित गाड्या व मोटारसायकली. प्रतिकृतीचे विषय मात्र बहुतांशी अमेरिकीच राहिले.

ओतकाम व हवामान : एकसारखे आठ भाग लागतात, उदा. इंजेक्टरची तोंडे किंवा एक्झॉस्टचे वाकडे पाइप, तेव्हा एक उत्तम घडवून सिलिकॉन रबराच्या साच्यात रेझिन ओततात. पावसाळ्यात पॉलियुरेथेन रेझिन दगा देते. त्यातील आयसोसायनेट हवेतल्या ओलाव्याशी संयोग पावून कार्बन डायऑक्साइड सोडते आणि भाग पावासारखा जाळीदार होतो. लॅकर रंगावर दमट हवेत पांढरी साय धरते. त्यामुळे जून ते सप्टेंबर कापणे, घासणे, तारा ओवणे करावे आणि ओतकाम व रंग दिवाळीनंतर, असा येथील कामाचा क्रम आहे. डब्याचे झाकण एकदा उघडले की उरलेले रेझिन पुढच्या महिन्यापर्यंत टिकत नाही, म्हणून लहान डबेच परवडतात.

थ्रीडी छपाई : घरगुती रेझिन प्रिंटर स्वस्त झाल्यापासून छापलेला भाग हस्तनिर्मित मानावा काय, हा वाद आहे. संगणकावर रेखाटन स्वतः केले असेल तर मानावा, विकत घेतलेली फाइल छापली असेल तर नाही, अशी मध्यम भूमिका सयुक्तिक दिसते. सुपरचार्जरच्या फासळ्यांसाठी छपाई सरस ठरते. तारा आणि पातळ पत्रा यांत ती अजून मागे आहे, ०.३ मिमी. ची छापलेली तार हात लागताच मोडते.

टायर : जुन्या किटमधील मऊ व्हिनिलचे टायर स्टायरीनच्या चाकावर थेट बसवू नयेत. व्हिनिल मऊ ठेवणारे द्रव्य झिरपून चाकाची कड वितळवते आणि मुंबईच्या उन्हाळ्यात, काचेच्या बंद कपाटात, हे लवकर होते. चाकाच्या कडेला स्वयंपाकघरातल्या फॉइलचा एक पट्टा चिकटवला की ते थांबते. स्लिक (खाचा नसलेले) टायर रुंद असल्याने हा पट्टा बाहेरून दिसत नाही.