महापालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या गल्लीचं काम बसवायचंय? अर्जाआधी एवढं बघा

मार्चमध्ये कोल्हापूर महापालिकेचं अंदाजपत्रक पेपरात येतं आणि मग कॉलनीला आठवतं की आपलं गटार त्यात नाही. दोन दिवसांत तालमीच्या लेटरहेडवर अर्ज तयार होतो, खाली सव्वाशे सह्या. बारनिशीत, म्हणजे अर्ज घेण्याच्या आवक टेबलावर, शिक्का मिळतो, फोटो ग्रुपवर पडतो, सगळे खूश. पण गाडी कधीच सुटलेली असते.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ प्रमाणे आयुक्त जमाखर्चाचा अंदाज करून स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती त्यात फेरफार करते आणि शेवटची मंजुरी महासभा, म्हणजे सगळ्या नगरसेवकांची सभा, देते. कराचे दर तर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे, असं कायदाच सांगतो. याचा अर्थ, कुठल्या विभागाला किती रक्कम लागणार याची जुळवाजुळव त्याच्या कितीतरी आधी झालेली असते. तुमचं काम विभागीय कार्यालयाच्या यादीत शिरायचं असेल तर दिवाळी झाली की हालचाल करा. सूचना मागवणारं जाहीर प्रकटन आलं तर उत्तमच, पण त्याची वाट बघत बसू नका. आणि प्रकटनातली शेवटची तारीख ही अर्ज पोचण्याची तारीख असते, पोस्टात टाकण्याची नव्हे. त्या दिवशी सुट्टी आली तर काय, असा वाद खिडकीवर घालण्यापेक्षा चार दिवस आधी जा.

यादी होताना आधी बघितलं जातं ते गेल्या वर्षाकडे. मंजूर झालेली किती कामं अर्धवट आहेत, किती बिलं द्यायची राहिलीत. याला दायित्व म्हणतात. पगार, पेन्शन, पाणी उपशाचं वीजबिल आणि हे दायित्व वजा जाता नव्या कामांना जे उरतं त्यावर सगळ्या शहराची ओढाताण. म्हणून काय मागता हेही महत्त्वाचं. गटार, पाणी, दिवाबत्ती, स्वच्छता ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्यं आहेत, अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये. बाग, क्रीडांगण, वाचनालय असल्या गोष्टी कलम ६६ खाली, म्हणजे ऐच्छिक. तुंबणारं गटार आणि स्वागत कमान एकाच अर्जात लिहिली की कमानीमुळे गटारही मागे पडतं. कमानीचा हट्ट आपल्याकडे फार, त्याला इलाज नाही. पण निदान अर्ज तरी दोन करा.

अर्ज कोण करू शकतो? घरमालकच असावं असं काही नाही. भाडेकरू, महिला बचत गट, मंडळ, कुणीही. घरफाळ्याची (मालमत्ता कराची) पावती असेल तर जोडा, नसेल तर पत्त्याचा दुसरा पुरावा चालवून घ्या. खरी अडचण हद्दीची. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, कळंबा इथले लोक स्वतःला कोल्हापूरकरच म्हणवतात आणि ते खरंही आहे, पण कारभार ग्रामपंचायतीचा. त्यावर २०१७ मध्ये शहराभोवतालच्या गावांसाठी झालेलं विकास प्राधिकरण. महापालिका १९७२ साली झाली तेव्हापासून हद्दवाढीवर भांडण चाललंय; ते मिटेपर्यंत ग्रामपंचायत हद्दीतल्या रस्त्यासाठी महापालिकेत अर्ज देऊन उपयोग नाही.

आता पत्ता. इथे हमखास घोळ होतो, कारण कोल्हापुरात ‘वॉर्ड’ तीन प्रकारचे. सिटी सर्व्हेचे ए ते ई, जे आपण पत्त्यात लिहितो. निवडणुकीचे प्रभाग वेगळे: २०१५ ला एका प्रभागात एक नगरसेवक असे ८१ होते, आता बहुसदस्यीय पद्धतीत २० प्रभागांत मिळून ८१. आणि कामकाजासाठी चार विभागीय कार्यालयं: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी, छत्रपती ताराराणी मार्केट. ‘ई वॉर्ड’ एवढंच लिहिलेला किंवा जुना प्रभाग क्रमांक घातलेला अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो. तिन्ही लिहा, शिवाय ठळक खूण लिहा: अमक्या दवाखान्यापासून तमक्या बोळाच्या तोंडापर्यंत, अंदाजे इतके मीटर. मोबाईलवरून नकाशातला बिंदू काढून त्याची प्रिंट जोडली तर कनिष्ठ अभियंत्याला जागा शोधत हिंडावं लागत नाही, आणि जागा सापडत नाही ही सबबही उरत नाही.

एवढं करूनही अर्ज अडतात ते एका प्रश्नावर: जागा कुणाची?

खाजगी जागेवर महापालिकेचा पैसा खर्च करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण तुमच्या कॉलनीतला वीस-पंचवीस वर्षं वापरातला रस्ता कागदावर कुणाचा आहे हे तुम्हाला माहीत नसतं, शेजाऱ्यालाही नसतं. पुष्कळ जुन्या लेआउटमध्ये अंतर्गत रस्ते महापालिकेच्या ताब्यात रीतसर दिलेलेच नाहीत. खुली जागा अजून मूळ मालकाच्या नावावर किंवा प्लॉटधारकांच्या सामाईक हक्कात. देवस्थानची जागा असेल तर प्रकरण आणखी निराळं, आणि शहरातून जाणारा मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा निघाला तर महापालिका काही करणारच नाही.

म्हणून सह्या गोळा करण्याआधी मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा. सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) माहीत असेल तर डिजिटल सहीची प्रत महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळते, नाहीतर नगर भूमापन कार्यालयात जा. उपनगरात सिटी सर्व्हे झालेला नसेल तर रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) वरून सातबारा. त्यासोबत मंजूर लेआउटची प्रत आणि रस्ते हस्तांतरित झाल्याचा कागद नगररचना विभागात मागा. हस्तांतरणाचा कागद बहुतेकांकडे नसतो. नसेल तर आधी प्लॉटधारकांनी एकत्र येऊन त्या हस्तांतरणाचाच अर्ज करायचा, डांबरीकरणाची मागणी त्यानंतर. हे काम कंटाळवाणं आहे आणि स्वतःच्याच नोंदवहीत बघून सांगता येण्यासारखी गोष्ट नागरिकाकडून मागायची, हा न्यायही अजब आहे. तरी करा. गुंठेवारीतला, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेला, भाग असेल तर नियमितीकरणाच्या आदेशाची प्रत लावा. तो आदेशच नसेल तर सुरुवात तिथूनच.

मोकळा प्लॉट दिसतोय म्हणून तिथे बाग मागणारे अर्जही बरेच येतात. प्लॉट खाजगी असेल तर तो विषय अंदाजपत्रकाचा नाही, विकास आराखड्यातल्या आरक्षणाचा आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा त्यावर हरकती आणि सूचना देता येतात. त्यासाठीचे दिवस राजपत्रात नोटीस प्रसिद्ध झालेल्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पेपर वाचला त्या दिवसापासून नाही. सुनावणी हवी असेल तर तसं अर्जात स्पष्ट लिहा आणि पत्रं येतील असाच पत्ता द्या.

बाकी अर्ज साधाच. एक पान, एक काम, दोन फोटो (एक पावसाळ्यातला असला तर फारच चांगलं), नगरसेवकांचं शिफारसपत्र मिळालं तर जोडायचं. विभागीय कार्यालयाच्या बारनिशीत द्यायचा, आवक क्रमांक असलेली पोच घ्यायची, एक प्रत नगरसेवकांना. हेच काम नगरोत्थान (राज्य सरकारची शहरांसाठीची योजना), आमदार निधी किंवा जिल्हा नियोजन समितीकडून आधीच धरलंय का, हे उपशहर अभियंत्यांना विचारून घ्या. दोनदा धरलेलं काम कटतं, आणि कधी कधी दोन्हीकडून कटतं.

अंदाजपत्रकाची पुस्तिका छापून आली की आपल्या कामाचं नाव बघून फटाके लावू नका, समोरचा आकडा बघा. हजार रुपये दिसले तर ती टोकन तरतूद: लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, उघडलंय, पैसे नाहीत. खरी रक्कम असली तरी पुढे तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, वर्कऑर्डर, आणि मधेच आचारसंहिता लागली तर सगळं जागच्या जागी. नाव आलंच नसेल तर आवक क्रमांक घालून माहितीच्या अधिकारात विचारा: या अर्जावर काय अभिप्राय दिला, कुणी दिला, त्याची प्रत द्या. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. त्या अभिप्रायात बहुधा एकच ओळ असते, ‘जागेची मालकी स्पष्ट नाही’ किंवा ‘निधी उपलब्धतेनुसार’. पहिली असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत कागद गोळा करायला वेळ आहे. दुसरी असेल तर कागद पुरे आहेत. आता नगरसेवकांच्या मागे लागा, सुधारित अंदाजपत्रकाच्या वेळी पुन्हा विषय काढायला लावा.