रिजेक्शनचं रजिस्टर आणि तारापूरचा प्रयोग

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीत ओतलेलं कास्टिंग बाहेरून बहुतेक वेळा निर्दोष दिसतं. वाळू झाडून, फेटलिंग करून म्हणजे जादा धातू घासून ते मशीन शॉपला जातं आणि तिथं पहिला कट घेतल्यावर आतला ब्लो होल, म्हणजे वायू अडकून राहिलेली पोकळी, उघडा पडतो. तोवर त्या तुकड्यावर वीज, मजुरी आणि मशीनचा वेळ खर्च होऊन गेलेला असतो. लोखंड परत भट्टीत टाकता येतं, बाकीचं काही परत येत नाही. आता हा होल का पडला? वाळूत ओल जास्त झाली असेल, वायू बाहेर पडायला वाट नीट ठेवली नसेल, कोअर (साच्यात ठेवलेला वाळूचा गाभा) पुरता वाळला नसेल किंवा धातू ओतताना थंड पडला असेल. यातलं नेमकं कोणतं कारण, हे कळायला त्या पाळीत, त्या हीटला म्हणजे भट्टीच्या त्या खेपेला वाळूची ओल किती होती आणि ओतताना तापमान किती होतं याची नोंद रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, रजिस्टरमध्ये लागते. नोंद असेल तर शोध घेता येतो. नसेल तर साचा बनवणाऱ्या मोल्डरवर खापर फुटतं आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच घडतं.

अर्थशास्त्रानं या रजिस्टरकडं बरीच वर्षं लक्ष दिलं नव्हतं. गरीब देशांतले कारखाने कमी उत्पादक का, या प्रश्नाची ठरलेली उत्तरं होती: भांडवल कमी, यंत्रं जुनी, वीज बेभरवशाची, शिक्षण अपुरं. कारखाना रोज कसा चालवला जातो ही मालकाची बाब मानली जायची. नोंदी ठेवण्यात खरंच फायदा असता तर मालकानं त्या ठेवल्याच असत्या, आणि त्यानं नसत्या ठेवल्या तर शेजारच्यानं ठेवून त्याला बाजारातून उठवलं असतं, असा युक्तिवाद होता. तो ऐकायला बिनतोड वाटतो, पण प्रत्यक्षात तपासून पाहिल्यावर टिकला नाही.

तपासायचं म्हणजे आधी मोजायला हवं. निकोलस ब्लूम आणि जॉन व्हॅन रीनन या अर्थशास्त्रज्ञांनी त्यासाठी साधी युक्ती केली. प्रशिक्षित मुलाखतकार कारखान्याच्या व्यवस्थापकाला फोन करून मोकळे प्रश्न विचारत. मशीन बंद पडलं तर काय करता? उत्पादनाचं लक्ष्य कसं ठरवता, आणि ते कोणाला माहीत असतं? उत्तरांना अठरा मुद्द्यांवर एक ते पाच गुण मिळत. आपल्याला गुण दिले जाताहेत हे व्यवस्थापकाला माहीत नसे आणि कंपनी नफ्यात आहे की तोट्यात हे विचारणाऱ्याला माहीत नसे. सरासरीत अमेरिका वर आणि भारत बराच खाली आला. पण मला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. भारतातले सर्वांत चांगले कारखाने अमेरिकेतल्या चांगल्या कारखान्यांच्या तोडीचे निघाले. सरासरी खाली ओढली ती अतिशय ढिसाळ चालणाऱ्या कारखान्यांच्या मोठ्या संख्येनं. शेवटी व्यवस्थापकांना स्वतःच्या कारखान्याला गुण द्यायला सांगितलं, तेव्हा बहुतेकांनी भरघोस दिले, आणि त्या गुणांचा कारखान्याच्या खऱ्या कामगिरीशी जवळपास काहीच संबंध नव्हता. आपलं कुठं चुकतंय हे आतून दिसत नाही, असा त्याचा अर्थ.

तरीही शंका उरतेच. चांगल्या व्यवस्थापनामुळं नफा होतो, की नफा असलेल्यांनाच चांगलं व्यवस्थापन परवडतं? त्याचं उत्तर मिळालं आपल्याच राज्यात आणि त्याच्या सीमेला लागून. २००८ मध्ये ब्लूम, अप्रजित महाजन, डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईजवळच्या तारापूर आणि गुजरातेतल्या उंबरगावच्या कापड उद्योगात १७ कंपन्या घेतल्या. या झोपडीवजा मागशाळा नव्हत्या, एकेका कंपनीत सरासरी २७० च्या आसपास माणसं कामाला होती. सुरुवातीची अवस्था मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. सुताच्या पेट्या कशाही रचलेल्या, कुठलं सूत किती शिल्लक आहे ते गोदामात जाऊन शोधल्याशिवाय कळायचं नाही, हत्यारं पसरलेली, माग बंद पडल्यावरच दुरुस्ती. कापडातल्या दोषांची नोंद झालीच तर ती गिऱ्हाइकाची तक्रार आल्यावर. आणि कापड तपासून दोष दुरुस्त करायला मात्र माणसांची मोठी फौज.

संशोधकांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कंपन्यांची दोन गटांत विभागणी केली. दोन्ही गटांना एका आंतरराष्ट्रीय सल्लागार कंपनीनं महिनाभर कारखाना तपासून काय चुकतंय ते सांगितलं. पहिल्या गटाला त्यापुढं आणखी चार महिने सल्लागारांनी शेजारी उभं राहून सुधारणा करायला मदत केली. ३८ साध्या कृतींची यादी होती: प्रत्येक मागाची देखभाल ठरल्या दिवशी करणं, दोषाचा प्रकार आणि माग क्रमांक रोज लिहिणं, त्या नोंदींवर रोज सकाळी बैठक घेणं, साठ्याला लेबल आणि जागा ठरवून देणं. यातल्या एकाही कृतीसाठी मशीन विकत आणावं लागत नाही. पहिल्या वर्षात पहिल्या गटाची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. दोष कमी झाले, साठ्यात अडकलेला पैसा मोकळा झाला. तीन वर्षांत या कंपन्यांनी दुसऱ्या गटापेक्षा जास्त नवे कारखाने उघडले.

मग इतक्या वर्षांत त्यांनी हे आपणहून का केलं नव्हतं? मालकांची उत्तरं मला फार बोलकी वाटतात. काही कृती त्यांनी ऐकल्याच नव्हत्या. ज्या ऐकल्या होत्या त्यांचा उपयोग होईल असं वाटत नव्हतं, कारण आपल्या कापडाचा दर्जा शेजाऱ्याइतकाच आहे आणि सगळ्यांचं असंच चालतं. शेजाऱ्यानं मग बाजारातून का उठवलं नाही? त्याचा धागा घरात सापडतो. कंपनी किती मोठी होणार याचा मालकाच्या घरातल्या कर्त्या पुरुषांच्या संख्येशी घट्ट संबंध होता. बाहेरच्या मॅनेजरवर चोरीच्या भीतीनं विश्वास नाही, कोर्टात न्याय मिळायला वर्षं जाणार, म्हणून दुसरा कारखाना भाऊ किंवा मुलगा असेल तरच उघडायचा. उत्तम चालवणाऱ्याला भाऊ नसला की त्याची वाढ थांबते. पाच भाऊ असलेला ढिसाळ माणूस मोठा होतो. लेकी-सुनांना कारभारात धरलंच जात नव्हतं, ही या गोष्टीतली सर्वांत महागडी सवय असावी असं माझं मत आहे.

संशोधक २०१७ मध्ये परत गेले. स्वीकारलेल्या कृतींपैकी सुमारे निम्म्या गळून गेल्या होत्या. मॅनेजर बदलला की त्याच्याबरोबर पद्धतही जायची, किंवा मालकाला बघायला वेळ उरायचा नाही. तरीही दोन गटांमधला फरक शिल्लक होता, आणि सुधारणा त्याच कंपनीच्या ज्या कारखान्यांत सल्लागार गेलेच नव्हते तिथंही पोचल्या होत्या.

मालकाला पटलं तरी काम कामगाराच्या हातून व्हायचं असतं. पाकिस्तानातलं सियालकोट फुटबॉलसाठी जगभर प्रसिद्ध आहे. तिथं संशोधकांनी रेक्झिनमधून पंचकोनी तुकडे कापायचा नवा साचा तयार केला. एका शीटमधून जास्त तुकडे निघत, माल वाचे. तो फुकट वाटला. पंधरा महिन्यांनी मोजक्याच कारखान्यांत वापर दिसला. कटिंग करणाऱ्याला नगावर मजुरी होती. नवा साचा हाताला बसेपर्यंत त्याचा वेग कमी होणार, पगार घटणार, आणि वाचलेल्या रेक्झिनचा पैसा मालकाला. त्यानं तो साचा कामाचा नाही असं सांगितलं, आणि मालकानं मानलं. मग काही कारखान्यांत कामगाराला सांगितलं गेलं, साचा चालतो हे मालकासमोर दाखव, एका महिन्याच्या पगाराइतकी रक्कम एकदाच मिळेल. त्या कारखान्यांत वापर ठळकपणे वाढला. २०१७ साली छापून आलेला हा निबंध नगावर मजुरी देणाऱ्या प्रत्येक धंद्यानं वाचावा असा आहे. कामगार आडमुठे आहेत असं म्हणण्याआधी बदलाचा तोटा कोणाच्या पगारातून जातोय हे तपासायला हवं.

सेवांच्या बाबतीत मोजमाप आणखी अवघड होतं, कारण दोष मशीन शॉपमध्ये उघडा पडत नाही. संशोधकांनी सुरुवात हजेरीपासून केली. सूचना न देता केलेल्या भेटींत भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांमधले साधारण चारातले एक शिक्षक आणि आरोग्य केंद्रांतले ४० टक्के कर्मचारी जागेवर नव्हते. राज्यनिहाय शिक्षकांच्या गैरहजेरीत महाराष्ट्र सर्वांत बरा निघाला, १५ टक्के. झारखंड ४२. कोल्हापुरात आपण शाळेबद्दल पुष्कळ तक्रारी करतो, तेव्हा हा आकडाही माहीत असावा.

जागेवर असणं आणि काम करणं यातही अंतर असतं. जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मध्य प्रदेशात पढवलेले रुग्ण, म्हणजे रुग्णाचं सोंग घेतलेली माणसं, पाठवले. छातीत दुखणं, दमा अशा लक्षणांची एकच ठरलेली हकिकत ते प्रत्येक डॉक्टरला सांगत. काही सरकारी डॉक्टर खासगीतही रुग्ण तपासत होते, म्हणून तेच रुग्ण त्यांच्या दोन्ही ठिकाणी गेले. डॉक्टर तोच, त्याचं शिक्षण तेच. खासगी दवाखान्यात त्यानं जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि योग्य उपचार सांगण्याचं प्रमाणही वाढलं. ज्ञान कमी पडत नव्हतं. हे वाचून सगळं खासगी करा असा निष्कर्ष काढणारे भेटतात, तो मला उथळ वाटतो. नको असलेली औषधं खासगीतही सर्रास लिहून दिली जात होती.

देखरेख वाढवली की प्रश्न सुटतो का? उदयपूर जिल्ह्यातले दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. एका स्वयंसेवी संस्थेच्या एकशिक्षकी शाळांत शिक्षकांना कॅमेरा दिला. शाळा भरताना आणि सुटताना मुलांसोबत फोटो, त्यावर तारीख-वेळ, आणि पगार हजर दिवसांनुसार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ वर आली, मुलांचे गुणही वाढले. त्याच जिल्ह्यात सरकारी नर्ससाठी वेळेचा शिक्का मारणारी यंत्रं आली. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनीच ‘सूट’ असलेले दिवस मंजूर करायला सुरुवात केली आणि अठरा महिन्यांत योजना निष्प्रभ झाली. यंत्र दोन्हीकडं होतं. त्यातून निघालेल्या आकड्यावर पगार ठरवायची तयारी एकाच ठिकाणी होती.

या बाबतीत आपल्या गावोगावच्या दूध संस्था मला नेहमी आदर्श वाटतात. पहाटे किटली घेऊन आलेल्या बाईंच्या समोर दूध मोजलं जातं, नमुना यंत्रात जातो, फॅट आणि एसएनएफचा (फॅट सोडून दुधातल्या घन घटकांचा) आकडा पडतो आणि त्यानुसार दर. पावती लगेच हातात, बिल दर दहा दिवसांनी. दर फॅटवर असल्यानं पाणी घालण्यात फायदा उरत नाही. आकडा ज्याच्या पैशाचा आहे त्याच्या डोळ्यासमोर आणि त्याच क्षणी पडतो. आज फॅट कमी का, असं विचारायचं झालं तर त्या बाई रांगेतच विचारतात. तलाठी कार्यालयात किंवा दवाखान्याच्या खिडकीवर असा आकडा कुठंच पडत नाही. अर्ज किती दिवस पडून आहे हे सांगणारी पावती अर्जदाराच्या हातात सहसा नसते.

तारापूरसारखा प्रयोग इचलकरंजीत करता येईल असं मला मनापासून वाटतं. एकाच प्रकारचे माग असलेले, जवळजवळ एकच कापड काढणारे इतके कारखाने शेजारी शेजारी फार ठिकाणी सापडणार नाहीत. तारापूरची यादी मात्र इथं जशीच्या तशी चालणार नाही. चोवीस मागांच्या कारखान्यात मॅनेजर नसतो, मालक, दिवाणजी आणि जॉबर (माग दुरुस्त करणारा) एवढ्यांवर कारभार चालतो. म्हणून नोंद एकाच गोष्टीची ठेवावी: माग किती वाजता थांबला, का थांबला आणि किती वाजता चालू झाला. ताणा तुटला, आडव्या सुताची कांडी संपली, वीज गेली, जॉबर दुसऱ्या मागावर होता, एवढी चार-पाच कारणं पुरतात. नोंद करण्यात विणकराची मिनिटं जातील, त्याची मजुरी मीटरवर असते, तेव्हा त्या मिनिटांचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे द्यावे लागतील. कारखाने चिठ्ठ्या टाकून निवडावेत, मालकाच्या उत्साहावरून निवडू नयेत. मोजणीचं काम शिवाजी विद्यापीठाच्या अर्थशास्त्राच्या आणि इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजातल्या टेक्स्टाईलच्या विद्यार्थ्यांना पेलण्यासारखं आहे. आणि आठ वर्षांनी परत जाऊन कोणत्या नोंदी अजून चालू आहेत, कोणाच्या अक्षरात आहेत, हे बघायचा खर्च सुरुवातीच्या अंदाजपत्रकातच धरून ठेवावा.