पार्श्वभूमी : ‘ए.पी.पी.’ या तीन अक्षरांआड कोण?

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातल्या फौजदारी खटल्याची पुढची तारीख आता मोबाइलवर कळते. खटल्याची ओळख असलेला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टाकला की पोलीस ठाणे, कलमे, न्यायालय, आजवर पडलेल्या तारखा असे सगळे समोर येते. आरोपीच्या वकिलाचे नावही दिसते. फिर्यादीच्या रकान्यात मात्र ‘महाराष्ट्र शासन’ आणि वकील म्हणून बहुतेक वेळा नुसते ‘ए.पी.पी.’, म्हणजे असिस्टंट पब्लिक प्रॉसिक्युटर, सहायक सरकारी अभियोक्ता. खटला सरकारच्या नावाने, पगार-मानधन आपल्या करातून, आणि नेमके चालवणाऱ्याचे नाव गुलदस्त्यात.

याची मुळे जुनी आहेत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या काळात खालच्या कोर्टात सरकारच्या बाजूने पोलीस प्रॉसिक्युटर उभा राही. तपास पोलिसांचा आणि युक्तिवादही त्यांचाच. विधी आयोगाने १९५८ मध्ये ही गाठ सोडवा म्हटले. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने पोलीस अधिकाऱ्याला या पदासाठी एरवी अपात्र ठरवले. महाराष्ट्राने पाटी बदलली; माणसे पोलीस खात्याच्याच अंमलाखाली राहिली. अखेर १९९५ मध्ये एस. बी. शहाणे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्याला स्वतंत्र अभियोग खाते, म्हणजे सरकारतर्फे खटले चालवणारे खाते, उभारायला सांगितले. कायदा होऊन तोवर वीस वर्षे उलटली होती!

आजची रचना दोन दारांची आहे. दंडाधिकाऱ्यांपुढचे सहायक सरकारी अभियोक्ते लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून येतात आणि गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाकडे असतात. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील मात्र विधी व न्याय विभाग नेमतो. त्यांच्या नावांचे पॅनेल सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून जिल्हाधिकाऱ्यांनी करायचे, असे कायदा सांगतो. सरकार बदलले की या यादीची चर्चा बार रूममध्ये का रंगते, हे कोल्हापूरकरांना वेगळे सांगायला नको. सामान्य माणसाची अडचण साधी आहे : माहिती अधिकाराचा अर्ज द्यायचा तर आधी दार कुठले ते ओळखा.

तो अधिकार १२ ऑक्टोबर २००५ पासून आहे, आणि त्याचे कलम ४ तर मागण्याआधीच माहिती जाहीर करा म्हणते. २०१५ मध्ये राष्ट्रीय न्यायिक डेटा ग्रिड जनतेसाठी खुली झाली. जिल्ह्यात किती खटले किती वर्षे पडून आहेत, हे कोणालाही पाहता येते. पण हा हिशेब कोर्टाचा आहे, सरकारी वकिलाचा नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालातले दोषसिद्धीचे प्रमाण राज्य आणि मोजकी महानगरे इथवर येऊन थांबते. साक्षीदार फितूर झाला, समन्स बजावलेच नाही, की सरकार पक्षानेच मुदत मागितली? हे कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत, रोजनाम्यात असते, आकड्यात नाही.

अमेरिकेत स्थानिक प्रॉसिक्युटर बहुतेक ठिकाणी मतांनी निवडला जातो, म्हणून तिथे दबावही मतदाराचा. शिकागोच्या कुक काउंटीच्या अभियोग कार्यालयाने २०१८ मध्ये गंभीर गुन्ह्यांची खटलानिहाय माहिती खुली केली. आपल्याकडे निवडणूक नाही आणि ती असावी असे मला वाटतही नाही. कोर्टात उभ्या राहणाऱ्याला पुढच्या मतदानाची चिंता नसलेलीच बरी. पण त्यामुळेच नोंद उघडी हवी. एक गोष्ट मात्र आधी पक्की केली पाहिजे : निव्वळ शिक्षेच्या टक्केवारीवर वकील जोखला, तर पुरावा कच्चा असतानाही तो खटला रेटत राहील.

सरकारी वकिलाने खटला मागे घेण्याचा अर्ज करणे ही सर्वांत नाजूक जागा. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नयेत, असे बजावले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत पीडिताला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय न्यायालयाला अशी मुभा देता येत नाही. जिल्हा अभियोग संचालनालयांची तरतूदही याच संहितेत आहे.

१८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच बसते. निर्दोष सुटकेविरुद्ध सरकारने केलेले अपील पाहायला कोल्हापूरकराला आता मुंबई गाठावी लागत नाही. कुठल्या खटल्यात अपील करायचे नाही असे ठरले आणि का ठरले, ती फाइल मात्र अजून मंत्रालयातच असते.