नरारा सागरी राष्ट्रीय उद्यान: परवाना, कागदपत्रं आणि ओहोटीची वेळ

कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान बघायला पोहता येण्याची गरज नाही. जामनगरहून द्वारकेच्या रस्त्याने साधारण ६० किलोमीटरवर, वाडीनारजवळ नरारा आहे. ओहोटीला इथलं पाणी दूरवर मागे हटतं, प्रवाळांचा खडक उघडा पडतो आणि त्यावरून चालत जाता येतं. म्हणूनच पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं आग्रहाचं सांगणं आहे की आधी ओहोटीची वेळ काढा, मग परवान्याचा दिवस ठरवा आणि गाडीचं तिकीट सगळ्यात शेवटी काढा. बहुतेक जण उलट्या क्रमाने जातात. हातात परवाना असतो, समोर नुसतं गढूळ पाणी असतं आणि परतीची गाडी संध्याकाळची असते.

परवाना का लागतो

हा भाग १९८० मध्ये अभयारण्य झाला आणि १९८२ मध्ये त्यातला काही भाग राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. देशातलं हे पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अशा क्षेत्रात विनापरवाना शिरता येत नाही. कामावरचे सरकारी कर्मचारी, तिथे राहण्याची परवानगी असलेले रहिवासी असे मोजकेच लोक त्याला अपवाद आहेत. परवाना कोणत्या कारणासाठी मिळतो ते कलम २८ मध्ये आहे: वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन आणि तिथल्या रहिवाशांशी असलेला कायदेशीर व्यवहार. तुम्ही-आम्ही पर्यटन या कारणाखाली जातो. त्यासाठी वेगळी पात्रता लागत नाही. ओळख पटवायची, शुल्क भरायचं आणि अटी पाळायच्या, एवढंच.

कागदपत्रं

गटातल्या प्रत्येक प्रौढाचं मूळ छायाचित्र ओळखपत्र जवळ ठेवा. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांपैकी कोणतंही एक पुरेसं आहे. सोबत एकेक झेरॉक्स आणि सगळ्यांची नावं, वयं, मोबाइल क्रमांक लिहिलेला कागद असला की नोंदणी पटकन उरकते. परदेशी पाहुणे असतील तर त्यांचा पासपोर्ट आणि व्हिसा लागतो आणि त्यांचं शुल्क वेगळं असतं. कॅमेरा असेल तर त्याची नोंद आधीच करून घ्या. रोख पैसे सुटे ठेवा, कारण किनाऱ्यावर मोबाइलच्या रेंजवर विसंबता येत नाही.

परवान्यासाठी जामनगरला सागरी राष्ट्रीय उद्यानाचं वन कार्यालय आहे. निघायच्या एक-दोन दिवस आधी तिथे फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: त्या दिवशी प्रवेश सुरू आहे ना, ओहोटी किती वाजता आहे आणि वाटाड्या मिळेल का. शाळा-कॉलेजची सहल असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज, विद्यार्थ्यांची यादी आणि सोबतच्या शिक्षकांची नावं बरीच आधी पाठवावी. संशोधन आणि चित्रीकरण यांची वाट निराळी आहे. तो अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. पर्यटनाच्या परवान्यावर नमुने गोळा करता येत नाहीत. ड्रोन घरीच ठेवा.

दिवस कसा निवडायचा

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती जितकी वर चढते, तितकीच ओहोटीही खाली उतरते आणि खडक लांबपर्यंत उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही कमी असतात. पाणी फारसं हटत नाही, त्यामुळे ते दिवस टाळावेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा कोकणातला हिशोब पुष्कळांना पाठ असतो. म्हणजे चतुर्थीला तीन वाजता भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पण तो हिशोब कोकण किनाऱ्याचा आहे. आखातात भरती जसजशी आत सरकते तसतशी तिची वेळ पुढे जाते. तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघा किंवा सरळ वन कार्यालयाला विचारा. मुंबईची वेळ मनात धरून निघू नका.

पाणी पूर्ण उतरण्याच्या दीड-दोन तास आधी किनाऱ्यावर हजर असावं. मग उतरत्या पाण्यामागून आत जाता येतं आणि ते पुन्हा चढायला लागायच्या आत मागे फिरता येतं. वाटाड्याने वळा म्हटलं की वळायचं. आखातातलं पाणी झपाट्याने चढतं आणि आधी सखल भाग भरून घेतं, त्यामुळे पुढे खडक कोरडा दिसत असतानाच मागची वाट बुडालेली असू शकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने चांगले, कारण पुढे ऊन सोसवत नाही.

पायात नाडीचे जुने, घट्ट बसणारे बूट हवेत. चप्पल चिखलात रुतते आणि प्रवाळाची धार उघड्या पायाला कापते. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा तोल जातो त्यांनी मनाची तयारी करूनच यावं, कारण वाट निसरडी आहे आणि मध्ये टेकायला जागा नाही.

पण एकदा आत गेलात की घाई करू नका. एखाद्या डबक्यापाशी थांबा आणि पाणी निवळू द्या. जो दगड वाटत होता त्याचा रंग बदलतो आणि तो ऑक्टोपस होऊन कपारीत सरकतो. तळाशी समुद्रफुलाचे झुबके हलत असतात, बाजूला तारामासा असतो. कुणी केंड मासा उचलून, फुगवून तुमच्या हातावर ठेवू लागला तर ठामपणे नको म्हणा. तो मासा जिवाच्या भीतीने फुगतो आणि त्यात त्याची ताकद खर्ची पडते. जिवंत प्रवाळावर पाय पडू नये म्हणून वाटाड्याच्या पावलांवरच पाऊल टाका.

शंख, शिंपले, वाळलेल्या पोवळ्याचा तुकडा, काहीही खिशात घालायचं नाही. प्रवाळ हे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहेत. त्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मेलेला तुकडा होता, ही सबब चालत नाही.

पिरोटन बेटाचं काय

जामनगरजवळच्या बेडी बंदरातून होडीने पिरोटन बेटावर जातात, असं ऐकून बरेच जण येतात. नराराच्या परवान्यावर तिथे जाता येत नाही. त्याची परवानगी वेगळी असते आणि बेट पर्यटकांसाठी नेहमी खुलं असतं असंही नाही. लेखी परवानगी हातात आल्याशिवाय, नुसत्या होडीवाल्याच्या शब्दावर होडीत पाय ठेवू नका. त्यापेक्षा जामनगरला एक मुक्काम वाढवा आणि नराराचीच दुसऱ्या दिवशीची ओहोटी गाठा. ती साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे निघायची वेळही तेवढीच पुढे ढकला.