कलाकार-वास्तुविशारदांच्या कापडांचा संग्रह

दुसऱ्या महायुद्धानंतर, साधारण १९४५ ते १९७० या काळात, युरोप-अमेरिकेतल्या चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुविशारदांनी कारखान्यांसाठी आखून दिलेली पडद्यांची, बैठकींची व पोशाखांची कापडे, आणि त्यांच्याबरोबर निघालेले नमुना-पुस्तिका, जाहिराती, प्रदर्शनांच्या सूचिपुस्तिका असे कागद जमवून जतन करण्याचा छंद. ही कापडे वारावर विकली गेली, वर्षानुवर्षे उन्हात टांगली गेली आणि विटल्यावर बहुतेक घरांनी ती टाकून दिली. आज हाती लागतो तो बहुधा एखादा अर्धा पडदा, उशीचा अभ्रा किंवा विक्रेत्याच्या वहीतला वीतभर तुकडा. या क्षेत्रात तो तुकडाही पुरावा मानला जातो.

नव्या घरांना भिंतभर काचेच्या खिडक्या आल्या आणि जुनी फुलापानांची कापडे तिथे शोभेनात. स्क्रीन प्रिंटिंगने, म्हणजे ताणलेल्या जाळीतून रंग उतरवण्याच्या पद्धतीने, छपाईचा खर्चही उतरला. तांब्याचे रूळ कोरून घ्यायचे तर हजारो वार खपण्याची खात्री लागे. जाळीवर मात्र थोडे कापड छापूनही भागत असे. त्यामुळे कारखानदार धाडसी आराखडे घेऊ लागले. काहींच्या बाबतीत परिस्थितीनेच ही वाट दाखवली. डॅनिश वास्तुविशारद आर्ने याकोबसेन ज्यू वंशाचे असल्याने १९४३ मध्ये होडीतून समुद्र ओलांडून स्वीडनला निसटले. तिथे इमारतींची कामे मिळेनात, तेव्हा त्यांनी झाडाझुडपांची चित्रे रंगवली आणि कापडछपाई जाणणाऱ्या पत्नी योन्ना यांच्या मदतीने ती कापडावर उतरवली.

या काळातले सर्वात गाजलेले कापड म्हणजे ल्युसिएन डे यांचे ‘कॅलिक्स’ (१९५१). डे चित्रकार वा वास्तुविशारद नव्हत्या. त्या कापडाच्याच अभिकल्पक (डिझायनर) होत्या, पण त्यांची नजर आधुनिक चित्रकलेवर पोसलेली होती. ऑलिव्ह रंगाच्या लिननवर पिवळे, नारिंगी, काळे, पांढरे पेल्यांसारखे आकार बारीक रेघांच्या देठांवर तोललेले आहेत. फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन या राष्ट्रीय महोत्सवात त्यांचे पती रॉबिन डे यांनी सजवलेल्या खोलीसाठी ते केले होते. ते काढणाऱ्या लंडनच्या हील्स कंपनीला ते खपेल असा भरवसा नव्हता. तिने ठरल्याच्या निम्मेच मानधन आधी दिले आणि मागणी वाढल्यावर उरलेले चुकते केले. त्याच वर्षी मिलानच्या त्रैवार्षिकी या अभिकल्प प्रदर्शनात ‘कॅलिक्स’ला सुवर्णपदक मिळाले. फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमध्येच हिमोग्लोबिन, इन्सुलिन यांच्या स्फटिकरचनांच्या आकृत्यांवरून कापडे व भिंतीचे कागद निघाले. त्यांची स्मरणिका आजही संग्राहक शोधत असतात.

चित्रकारांच्या कापडांत लंडनच्या ॲशर या कापड-उत्पादक दांपत्याचे चौकोनी रेशमी रुमाल अग्रस्थानी आहेत. शिल्पकार हेन्री मूर, चित्रकार मातिस यांच्यासारख्यांनी त्यांच्यासाठी काम केले. मातिसचे ‘ओशेनी’ हे लिननवरचे दोन मोठे भित्तिपट प्रत्येकी ३० प्रतींचेच निघाले, त्यामुळे ते संग्रहालयांच्याच आवाक्यात राहतात. उलट अमेरिकेत १९५५ मध्ये फुलर फॅब्रिक्सने पिकासो, मिरो, शागाल, लेजे, द्यूफी यांच्या आकृती साध्या सुती कापडावर छापून सर्वसामान्यांच्या पोशाखांपर्यंत पोहोचवल्या. हा दुसरा प्रयत्न कलेच्या इतिहासात अधिक मोलाचा ठरतो. पिकासोने पुढे पडद्यांना परवानगी दिली, पण आपल्या चित्रावर कोणी बसावे हे त्याला मान्य नव्हते.

वास्तुविशारदांत अलेक्झांडर जिरार्ड सर्वांत मोठे. १९५२ पासून १९७३ पर्यंत त्यांनी हर्मन मिलर या अमेरिकी फर्निचर कंपनीच्या कापड विभागासाठी तीनशेहून अधिक कापडे घडवली. त्यांची लेबल लावलेली नमुना-कापडे हा नवख्या संग्राहकासाठी उत्तम आरंभ होय. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९५५ मध्ये भरलेल्या भारतीय वस्त्रे व अलंकारांच्या प्रदर्शनाची मांडणी त्यांचीच. या प्रदर्शनामुळे हस्तकलांच्या पुरस्कर्त्या पुपुल जयकर आणि अमेरिकी अभिकल्पक इम्स दांपत्य यांचा परिचय झाला आणि पुढे अहमदाबादच्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेचा (एनआयडी) पाया घातला गेला. मुंबईच्या नेली सेठना अमेरिकेतल्या क्रॅनब्रुक कलाविद्यालयात विणकाम शिकून बॉम्बे डाइंगसाठी काम करू लागल्या. त्यांच्या कामाचे नमुने जमवण्याकडे मराठी संग्राहकांनी वळायला हवे. चंदीगडच्या उच्च न्यायालयासाठी ल कॉर्ब्युझियेने आखलेले प्रचंड भित्तिपट मात्र इमारतीचाच भाग आहेत. न्यायदालनांतला आवाज शोषून घेणे हे त्यांचे काम. ते तिथेच असावेत.

संग्राहक कापड उलगडतो तेव्हा त्याची नजर आधी काठाकडे जाते. तिथे बहुधा आराखड्याचे, कलाकाराचे आणि कंपनीचे नाव छापलेले असते. पडदा शिवताना काठ दुमडीत जातो, म्हणून शिवण उसवण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून पाहावी. अनेक जुने आराखडे आता नव्याने छापले जातात, काही डिजिटल यंत्रावर. जुन्या स्क्रीन छपाईत दोन रंग जिथे भेटतात तिथे भिंगाखाली एकावर एक चढलेली कड किंवा केसाएवढी फट दिसते. डिजिटल छपाईत ती दिसत नाही. नवी छपाई बाळगण्यात काही गैर नाही, मात्र ती जुनी म्हणून विकणे ही फसवणूकच.

नमुना-पुस्तिका फोडून एकेक तुकडा चौकटीत बसवून विकण्याची प्रथा या संग्रहाचे सर्वाधिक नुकसान करते. अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या १९५५ च्या ‘टॅलिसिन’ मालिकेसाठी शूमाकर कंपनीने काढलेल्या पुस्तिकेत कापडे, भिंतीचे कागद आणि त्यांची रंगसंगती एकत्र पाहायला मिळते. पान सुटले की तो संदर्भच नाहीसा होतो.

कापड घडी न घालता आम्लविरहित कागदात गुंडाळून, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवतात. रेयॉन ओले झाले की कमकुवत होते, म्हणून ते घरी धुऊ नये. कसर लागली आहे का हे अधूनमधून तपासावे लागते आणि कंपनीचे लेबल सैल झाले असले तरी ते काढून टाकत नाहीत.